राजीनामा लेखी घ्या

माणूस उंचावरून पडतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही, हे मला मागच्या दिवाळीपर्यंत माहीत नव्हतं. सकाळची वेळ होती, मी पोह्यांना फोडणी देत होते. खिडकीबाहेर दोर सरसरला, काहीतरी पिवळं खाली गेलं आणि पोतं टाकल्यासारखा धप्प आवाज आला. रंगाचा डबा पडला असेल असं वाटून मी गॅस बारीक केला आणि मग वाकून पाहिलं. खाली आमच्या इमारतीला रंग देणारा पेंटर पडला होता. डबा वरच राहिला होता, एका दोराला अडकून.

त्याची बायको तिथेच होती. ती खाली बसून रंग कालवायची, डबे भरून दोराला बांधायची आणि तो वरून ओढून घ्यायचा. तिच्या हातात तेव्हाही ढवळायची काठी होती. ती ओरडली नाही. काठी हातात धरूनच ती त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग ओढणीने पुसू लागली.

आम्ही लखनौला अलीगंजात राहतो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे, मी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. दोघंही सांगलीकडचे. तापट आहे मी, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला नवल वाटायला नको. लेक्चरला उशिरा येणाऱ्यावर तापते, भाजीवाल्यावर तापते, आणि त्या वर्षी पावसाळ्यात तर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर रोज तापत होते. माझ्या स्वयंपाकघराचं छत गळत होतं. मी इतकी भुणभुण केली की शेवटी त्यांनी अख्ख्या गच्चीला नवं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. मी जिंकले म्हणून आम्ही त्या दिवशी घरी बासुंदी केली होती.

आता हे सांगायचं कारण असं. पेंटर ज्यावर बसून भिंत रंगवतो त्याला झुला म्हणतात. बसायला एक फळी, तिला दोन दोर, आणि ते दोर गच्चीवर बांधलेले. गच्चीत भोक पाडून लोखंडी हूक बसवायचे आणि त्यांना दोर बांधायचे, ही साधी पद्धत. काम सुरू झालं त्या दिवशी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. पेंटर ड्रिल घेऊन आला, तर सेक्रेटरी मागोमाग धावत आले. नव्या वॉटरप्रूफिंगला एकही भोक पडता कामा नये, असं त्यांनी बजावलं. डिश अँटेनांसाठी कठड्यालगत एक लोखंडी सांगाडा उभा होता, त्यालाच दोर बांध म्हणाले. पेंटरने तो सांगाडा हाताने हलवून दाखवला. "साहब, ये हिल रहा है." सेक्रेटरी म्हणाले, काही होत नाही, तुझ्याआधीच्यानेही इथेच बांधले होते. मी कपडे वाळत घालून खाली आले.

तो पडला तेव्हा सांगाडा बुडापासून उखडून कठड्यावर आडवा झाला होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पोलिस आले तोवर तो पुन्हा उभा केलेला होता, बुडाशी ताजं सिमेंटही लावलं होतं. हे पाहून मला जो धक्का बसला तो मी अजून नीट सांगू शकत नाही. माणूस अजून ॲम्ब्युलन्समध्ये चढवलेला नाही आणि कुणीतरी वर जाऊन सिमेंट कालवतं आहे. कुणी कालवलं ते मला आजही ठाऊक नाही, पण त्याला सांगणारा माणूस सुशिक्षित होता एवढं नक्की.

पोलिसांना सेक्रेटरींनी गेटवरच गाठलं. सरकारी खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, पांढरे केस, बोलणं अगदी मऊ. ते म्हणाले, हा माणूस सकाळपासूनच डुलत होता, पिऊन आला असावा, या लोकांचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. हवालदाराने मान हलवली. त्याच वेळी पेंटरच्या बायकोने पहिल्यांदा तोंड उघडलं. ती म्हणाली, "ये पीते नहीं हैं." मग तिने ते दुसऱ्या हवालदाराला सांगितलं, वॉचमनला सांगितलं, जिन्यात उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना सांगितलं. आवाज चढवला नाही. येईल त्याला तेवढंच सांगत राहिली.

त्याच्या पाठीचं हाड मोडलं होतं. तो बसू शकेल, उभा राहील की नाही ते सांगता येत नाही, असं सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा मला वाटलं होतं, ती औषधांसाठी काही मागेल. तिने मागितलं ते वेगळंच. त्यांचं गाव सीतापूरकडे. गावातले निम्मे पुरुष लखनौत झुल्यावर बसून रंग देतात, तिचे दोन दीरही देतात. एकजण पिऊन पडला असं कागदावर आलं तर उद्या त्या गावच्या कुणालाच कुणी वर चढवणार नाही. आणि तो तर तंबाखूसुद्धा खात नाही. "दीदी, बस इतना लिखवा दीजिए कि पिए नहीं थे," ती म्हणाली. सांगाडा, सिमेंट, सेक्रेटरी, यातलं काहीही तिच्या दृष्टीने पहिलं नव्हतं. माझ्या दृष्टीने तेच पहिलं होतं. पण दोन्ही एकाच तक्रारीत बसत होतं, म्हणून आम्ही एकत्र बसलो. मी सांगितलं, तिने लिहिलं. आठवीपर्यंत शिकलेली आहे, अक्षर माझ्यापेक्षा बरं. लेखी तक्रारीला इकडे तहरीर म्हणतात. ती तिने स्वतः जाऊन पोलिस चौकीवर दिली. त्यात साक्षीदार म्हणून माझं नाव होतं.

त्यानंतर काहीच झालं नाही. चौकशी चालू आहे, एवढं उत्तर दर खेपेला मिळे. मी सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत लांबलचक लिहिलं की सेक्रेटरींनी पद सोडावं. त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही. थोड्या वेळाने एका शेजाऱ्याने गुलाबाच्या फुलांसह सुप्रभात पाठवलं, आणि त्याला मात्र सगळ्यांनी हात जोडले. नवरा म्हणाला, तू हे वर्गात शिकव, ग्रुपवर शिकवू नकोस. मी आठवडाभर त्याच्याशी कामापुरतं बोलले.

वर्गात मी हेच शिकवत होते, त्याच दिवसांत. सामाजिक वर्ग, कायदा आणि गुन्हा यांच्याकडे मार्क्सवादी कसे पाहतात, असा तो धडा. फळ्यावर लिहायला सोपा असतो. ज्यांच्या हातात मालमत्ता त्यांच्या सोयीने कायदा घडतो. गरिबाने केलं की गुन्हा, मालकाच्या हातून झालं की अपघात. शिक्षा कुणाला होते ते पाहा म्हणजे कायदा कुणाचा ते कळेल. माझ्या वर्गातली बरीच मुलं आसपासच्या जिल्ह्यांतली, हिंदी माध्यमातली, आणि त्यातली निम्मी दरोगा भरतीची, म्हणजे सब-इन्स्पेक्टरच्या परीक्षेची तयारी करणारी. ती अतिशय आज्ञाधारकपणे हे सगळं वहीत उतरवून घेत. पोलिस म्हणजे सत्ताधारी वर्गाचं हत्यार, हे वाक्य उद्याचे दरोगे खाली रेघ मारून लिहीत होते आणि परीक्षेला किती मार्कांचं येईल ते विचारत होते. मला आधी हसू यायचं, मग राग यायचा.

पण मी सगळंच जसंच्या तसं मानत नव्हते. सिद्धांत एवढा घट्ट असता तर माणसाने काही करायचंच कारण उरलं नसतं. कुठेतरी फट असते, कुणीतरी चिवटपणे उभं राहिलं की ती रुंदावते, असं मी मुलांना सांगायची. आणि सांगताना डोळ्यांपुढे ती बाई असायची.

त्या दिवशी मी चारबाग स्टेशनवर होते. सासूबाई दिवाळीनंतर परत निघाल्या होत्या. हमाल सामान घेऊन पुढे पळत होता, सासूबाई त्याच्या मागे, मी त्यांच्या मागे, आणि वरून सगळ्या गाड्यांच्या घोषणा एकदम. फोन वाजला. तिचा होता. तिच्या बाजूलाही बरीच माणसं बोलत होती. मी एका कानावर हात ठेवून ऐकलं.

"दीदी, हम चौकी पर हैं. सेक्रेटरी साहब भी आए हैं. राजीनामा का बोल रहे हैं."

मला क्षणभर खरंच वाटेना. मी म्हटलं, कोण, सेक्रेटरी स्वतः बोलताहेत? ती म्हणाली, हो, तेच म्हणताहेत, आजच होऊन जाऊ दे म्हणताहेत. मग तिने विचारलं, "हो जाने दें, दीदी?"

मी त्या गर्दीत जवळजवळ ओरडले, "बिल्कुल हो जाने दो." आणि मग माझ्यातली शहाणी बाई जागी झाली. तोंडी राजीनामे मी विद्यापीठात भरपूर पाहिलेत. सकाळी देतात, दुपारी खुर्चीत बसलेले असतात. म्हणून मी तिला बजावलं, तोंडचं काही मानू नकोस, लेखी घे, चौकीतल्या साहेबांसमोर घे, सही झाल्याशिवाय उठू नकोस. "लिखित में, समझीं ना?" "लिखित में," तिने माझ्यामागून म्हणून पाहिलं. मग "ठीक है दीदी, आप कह रही हैं तो" म्हणाली आणि फोन ठेवला.

मी सासूबाईंना डब्यात बसवलं आणि खिडकीतून सगळं सांगितलं. त्यांनाही फार बरं वाटलं. "द्यावा लागलाच ना मेल्याला राजीनामा," त्या म्हणाल्या, "माणसानं लावून धरायला पाहिजे गं." गाडी सुटली. घरी परतताना मी हजरतगंजला उतरले आणि नवऱ्यासाठी त्याच्या आवडीची मिठाई, मलई गिलौरी, घेतली, त्याच्याशी पुन्हा नीट बोलायला सुरुवात करायची म्हणून. तोही खूश झाला. आम्हा तिघा मराठी माणसांत एकालाही त्या शब्दाबद्दल शंका आली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो धडा संपवणार होते. शेवटी मुद्दाम थांबले आणि म्हटलं, आता पुस्तकात नसलेलं एक उदाहरण सांगते. मग सगळं सांगितलं, पेंटर, सांगाडा, सिमेंट, तहरीर, आणि शेवटी हिंदीत, जरा फुशारकीनेच, "और कल चौकी पर राजीनामा हो गया. लिखित में." हे कशाचं उदाहरण आहे असं विचारून मी वर्गाकडे पाहिलं. मला कुणाच्या तरी डोळ्यांत चमक दिसेल अशी अपेक्षा होती. मुलांनी माना डोलावल्या आणि लिहून घेतलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली की हे तर होणारच होतं.

मी चिडले. म्हटलं, होणारच होतं कसं? सिद्धांताप्रमाणे तर हे व्हायलाच नको होतं. हे सिद्धांताच्या विरुद्ध गेलं.  मग दरोग्याची तयारी करणारा एक मुलगा उभा राहिला. त्याचे काका कुठल्याशा ठाण्यात मुन्शी, म्हणजे लिखापढी करणारे हवालदार आहेत, अत्यंत सालस मुलगा. त्याने अदबीने विचारलं, "मैम, पर ये तो थ्योरी के पक्ष में गया ना? राजीनामा हो गया, तो केस ही नहीं रहा."

मी म्हटलं, सेक्रेटरीने राजीनामा दिला तर केस का राहणार नाही? मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. तो मुलगा बिचारा माझं कसं चुकलं हे सांगायचं कसं, या संकटात पडला होता. त्याने अगदी सावकाश, जणू लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की कुणी एकटा राजीनामा देत नसतो, तो दोन्ही पक्षांमध्ये होतो. ज्याने तक्रार केली तो लिहून देतो की आता माझी काही तक्रार नाही, कारवाई नको. दोघंही राजी. म्हणून राजीनामा. खुर्ची सोडण्याला इस्तीफा म्हणतात.

राजी. हा शब्द मी मराठीतही रोज वापरते. राजीखुशी म्हणते, तो राजी झाला म्हणते, आणि जन्मात एकदाही मी त्या शब्दाला नामा जोडून पाहिला नव्हता. आमच्याकडे राजीनामा म्हटलं की साहेब खुर्ची सोडतो. इथे तिने तक्रार सोडली होती. आणि मी तिला सांगितलं होतं, बिल्कुल सोड, लेखी सोड, साहेबांसमोर सोड, सही केल्याशिवाय उठू नकोस.

 मी टेबलाला धरून उभी होते. मुलांना वाटलं मला चक्कर येते आहे, कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. तास संपायला वेळ होता, पण मी निघाले. दारातून बाहेर पडताना मागून त्या सालस मुलाचा आवाज आला, तो शेजारच्याला सांगत होता की उदाहरण लिहून ठेव, चांगलं आहे.

मी थेट चौकीवर गेले. मला वाटलं होतं तिथे कुणी हाकलून देईल, मग मी भांडेन, आणि भांडता आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. चौकीच्या इन्चार्जने उठून खुर्ची दिली, चहा मागवला. मी म्हटलं, या प्रकरणात मी साक्षीदार आहे, सांगाडा हलतो हे पेंटरने सांगितलेलं मी ऐकलं आहे, माझा जबाब घ्या. तो हसला. छद्मी नाही, खरोखर आदराने. म्हणाला, आता कसला जबाब, सगळं शांततेत मिटलं, आणि खरं सांगायचं तर तुमच्यामुळेच मिटलं.

मग त्याने जे सांगितलं ते मी चहाचा कप हातात धरून ऐकलं. बाई पंधरवडाभर ऐकत नव्हती. किती वेळा बोलावलं, समजावलं. सेक्रेटरींनी उपचारांचं बघू म्हटलं, तिला सोसायटीत झाडलोटीचं काम देऊ म्हटलं. ती एकच घोकत होती, नवरा पीत नाही. काल शेवटी म्हणाली, आधी दीदींना विचारते. फोन केला, आणि फोन ठेवल्यावर म्हणाली, होऊ दे, पण लेखी होऊ दे. "हम लोग तो मुँह-ज़बानी ही निपटा देते, मैडम. लिखित आपने करवाया. पक्का काम हो गया."

म्हणजे तोंडी राहिलं असतं तर तिला उद्या पुन्हा उभं राहता आलं असतं. मी वाचायला मागितलं. त्याने लगेच दाखवलं. लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. अशा राजीनाम्यांचा एक ठरलेला मजकूर असतो, मुन्शी तो डोळे मिटून लिहितो. पती नशेच्या अवस्थेत असल्यामुळे स्वतःच्या चुकीने तोल जाऊन पडला. यात कुणाचाही दोष नाही. मी हे कुणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने लिहून देत आहे. खाली तिची सही होती, त्याच बऱ्या अक्षरात.

मी विचारलं, नशेत होता हे कुणी ठरवलं? तपासलं होतं का? इन्चार्ज म्हणाला, अशा प्रकरणात हे लिहावं लागतं, नाहीतर पडला का, असा प्रश्न उरतो. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी इतकी वर्षं शिकवते आहे की कायदा गरिबाला दाबतो, आणि माझ्या मनात त्या दाबण्याचं चित्र म्हणजे काठी, शिव्या, कोठडी. इथे कुणी आवाजसुद्धा चढवला नव्हता. तिलाही खुर्ची दिली होती म्हणे, चहाही दिला होता. मला त्या चौकीत बसून धाय मोकलून रडावंसं वाटलं आणि मी चहा संपवला.

हॉस्पिटलमध्ये ती वॉर्डच्या दाराशी व्हरांड्यात बसून मोसंबी सोलत होती. आत, दाराजवळच्याच खाटेवर तो होता. मला पाहून ती उठली, बसायला सतरंजी झटकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी शोधत होते तरी सापडला नाही. तिने आपणहून सांगितलं की नशेचा शब्द आला तेव्हा तिने मुन्शीचा हात धरला होता. सेक्रेटरी म्हणाले, तुमच्या दीदींनीच लेखी करायला सांगितलं ना, त्या प्रोफेसर आहेत, विचार करूनच सांगितलं असेल. मग तिलाही तसं वाटलं. यात आपल्याला न कळणारं काहीतरी हित असेल असं वाटलं. हॉस्पिटलमध्ये परतल्यावर नवऱ्यालाही तिने तेच सांगितलं.

मी तिचा हात धरला आणि सांगितलं. माझ्या मोडक्या हिंदीत, शब्द शोधत, दोनदा. आमच्या भाषेत राजीनाम्याचा अर्थ वेगळा होतो. साहेब आपली खुर्ची सोडतो, त्याला आम्ही राजीनामा म्हणतो. मला वाटलं, सेक्रेटरी खुर्ची सोडतोय. मला वाटलं, तू जिंकलीस.

ती ऐकत होती. तिने मला चार शब्द सुनवावेत, निदान हात तरी काढून घ्यावा, असं मला वाटत होतं. तिने हात काढला नाही.  मग तिने खरोखरच्या नवलाने विचारलं, "आपके उधर साहब लोग छोड़ देते हैं? कोई गिर जाए तो?"

मी आठवू लागले. आमच्याकडे गिरणीच्या पट्ट्यात हात गेलेला माणूस आठवला, विहीर खणताना दरडीखाली गेलेले दोघं आठवले, शाळेची भिंत अंगावर पडलेला गवंडी आठवला. त्यांच्या बायका आठवल्या. त्यांच्यासाठी खुर्ची सोडलेला एकही साहेब मला आठवेना. 

"नहीं," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि राहिलेली फोड सोलायला घेतली. आमचं बोलणं आत अर्धवट ऐकू जात असावं, कारण त्याने कोण आलंय म्हणून विचारलं. दीदी आल्यात, तिने सांगितलं.  मी उठून आत जायला निघाले होते, एवढ्यात तो बोलला. माझ्याशी नाही, तिच्याशीच, आणि अगदी हळू.

"दीदी से कह दो, हम पिए नहीं थे."